ध्यान चौथ्या दिवशी सुटतं : बिघाड कुठे आहे ते क्रमाने शोधा

लातुरात माझी अभ्यासिका आहे. रोज पहाटे साडेपाचला, ट्यूबलाइट लावण्याआधी, ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासोबत मी दहा मिनिटं शांत बसतो. या सवयीला सात वर्षं झाली. नीटची मुलं-मुली असतात, पोलीस भरतीवाले असतात, तलाठी परीक्षेचा तिसरा प्रयत्न करणारे असतात, अधूनमधून शेजारचे मेडिकलवाले काकाही येऊन बसतात. जवळजवळ प्रत्येकाकडून कधी ना कधी हेच ऐकलंय : "सर, तीन दिवस लई भारी वाटलं. आता बसूच वाटंना."

वाटतं की सुटण्याची कारणं माणसागणिक वेगळी असतील. तसं नसतं. सहा-सात कारणं आहेत आणि तीच फिरून फिरून येतात. अडचण अशी की लोक शोधायला उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. "माझं मनच चंचल", "माझ्यात संयमच नाही" असा निकाल स्वतःवर देऊन मोकळे होतात, आणि खरा बिघाड उशाशी चार्जिंगला लावलेला असतो. बोअरला पाणी येईना झालं की आपण लगेच मोटार वर काढत नाही. आधी लाईट आहे का, तिन्ही फेज येताहेत का, स्टार्टर पडलाय का ते बघतो. इथेही तोच क्रम ठेवा : फुकटातलं आणि सोपं आधी, अवघड शेवटी.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं, ते आधी ओळखा. एकाहून जास्त असतील तरी चालेल.

- डोळे मिटून मिनिट होत नाही तोच हात खिशाकडे जातो.
- किती वेळ झाला हे बघितल्याशिवाय राहवत नाही.
- कान सारखे बाहेर लागलेले असतात.
- गुडघे, कंबर दुखते, पायाला मुंग्या येतात.
- डुलकी लागते, मान खाली पडते.
- "बसलं की विचार कमी व्हायच्या ऐवजी वाढतात."
- दहा मिनिटं नीट जातात, पण पुस्तक उघडलं की तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचावा लागतो.
- बसल्यावर छाती धडधडते, घाम फुटतो, एखादी जुनी वाईट घटना पुन्हा डोळ्यांपुढे घडायला लागते. हे असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

आधी एवढं नक्की करा : बसायचं म्हणजे काय

पाठ सरळ, खांदे सैल, डोळे मिटलेले किंवा अर्धे उघडे. श्वास मुद्दाम खोल घ्यायचा नाही, रोखायचा नाही. नाकपुडीच्या कडेला आत जाणारा श्वास किंचित गार लागतो, बाहेर येणारा किंचित कोमट. ते जाणवू द्यायचं. मन दुसरीकडे गेलं, हे लक्षात आलं, की परत नाकपुडीशी यायचं. एवढंच.

पालीत याला आनापानसती म्हणतात. आनापान म्हणजे आत-बाहेर होणारा श्वास, सती म्हणजे स्मृती, भान. आज 'माइंडफुलनेस' म्हणून जे शिकवतात त्याचं मूळ इथे आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून हा शब्द दवाखान्यांत रुळला. आपल्याकडे सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस फक्त हा श्वासच बघायचा असतो. रोज दहा तास बसणारी माणसं जिथे तीन दिवस थांबतात, तिथे पाच मिनिटं बसून "आता पुढची पायरी कोणती" असं विचारायची घाई आपण करू नये.

पहिली तपासणी : फोन कुठे आहे?

'सायलेंट आहे का' असं मी विचारत नाही. कुठे आहे, असं विचारतो.

गेल्या हिवाळ्यात औशाकडच्या एका मुलाला मी म्हणालो, फोन बाजूला ठेव. त्याने तो जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा खिडकीत ठेवला. आम्ही नऊ जण बसलो होतो. चौथ्या मिनिटाला डब्यातून घुर्र असा आवाज आला. कुणी डोळे उघडले नाहीत. मी डोळे अर्धे उघडे ठेवून बसतो म्हणून मला दिसलं : पाच जणांचे हात एकदम मांडीवरून खिशाकडे सरकले. ज्याचा फोन डब्यात होता त्याचाही. आपला खिसा रिकामा आहे हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं.

ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण हेच. फोन जवळ असला की तो वाजो न वाजो, मनाचा एक हिस्सा त्याच्या राखणीला बसलेला असतो. २०१७ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांच्या टीमने याचे प्रयोग प्रसिद्ध केले : ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांनी लक्ष लागणाऱ्या चाचण्या टेबलावर फोन ठेवणाऱ्यांपेक्षा चांगल्या सोडवल्या, दोघांचेही फोन सायलेंट असूनसुद्धा. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांचे निकाल सगळे सारखे आलेले नाहीत. पण माझ्या खोलीतले ते पाच हात मी विसरू शकत नाही.

करायचं काय : फोन दुसऱ्या खोलीत, शक्यतो बंद करून. वेळ लावायला सेलवरचं साधं गजराचं घड्याळ घ्या, दीडशे-दोनशे रुपयांत कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतं. घरी कुणी आजारी असेल, फोन बंद करणं शक्यच नसेल, तर तो घरातल्या माणसाच्या हातात द्या आणि सांगा, "महत्त्वाचा आला तर हाक मार." राखण दुसऱ्याकडे सोपवली की मन सुटं होतं. ध्यानाचं ॲप वापरणाऱ्यांनाही हेच लागू. सुरुवातीला कुणाचा तरी आवाज सोबत असला तर बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही. पण ॲप उघडायला गेलात आणि वर तीन मेसेज दिसले की बैठक तिथेच मोडली. दोन-चार दिवस ऐका, पद्धत समजली की ॲप सोडा.

अजिंठ्याला गेलात तर चित्रांवरून नजर काढून बाराव्या क्रमांकाचं लेणं बघा. चित्रांसाठी तिथे कुणी थांबत नाही, म्हणून निवांत बघता येतं. बारा लहान खोल्या, प्रत्येकीत दोन दगडी ओटे, बाकी काही नाही. मन आवरायला निघालेल्या त्या भिक्खूंनी आधी आजूबाजूचं आवरलं होतं.

माझा अंदाज सांगतो : निम्म्या लोकांचं काम याच तपासणीत होतं. आठवडाभर एवढंच करून बघा, मग पुढे जा.

दुसरी : किती वेळ बसताय?

वीस मिनिटं? अर्धा तास? पाचवर आणा. पहिले तीन दिवस उत्साहाचे असतात, त्यात काहीही जमतं. चौथ्या दिवशी ती वीस मिनिटं कुठून तरी काढावी लागतात, मग अभ्यास आणि ध्यान यांचं भांडण लागतं, आणि त्यात ध्यान हरतं. पाच मिनिटांशी कुणाचं भांडण होत नाही. तीन आठवडे पाच, मग सात, मग दहा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका. पुन्हा पाचच.

तिसरी : वेळ कोणती निवडली आहे?

हे आपल्या भागात जास्त तपासायला लागतं. आमच्या गल्लीतल्या एक ताई दोन महिने तक्रार करत होत्या की डोळे मिटले की कान खिडकीबाहेर जातात. मी विचारलं, "ताई, नळ कधी येतो तुमच्याकडं?" म्हणाल्या, "नेम कुठाय त्याचा? आला तर सकाळी सहा-साडेसहाला येतो." त्या बसायच्या सहाला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हे गाव. इथे नळाच्या पहिल्या हवेचा फुसफुस आवाज झोपेतल्या माणसालाही उठवतो. त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकणं म्हणजे ध्यान नव्हे, आणि तसं दुर्लक्ष घराला परवडणारही नाही. त्यांनी वेळ दुपारी भांडी झाल्यानंतरची ठेवली. तेव्हापासून बसताहेत.

'पहाटे चारलाच बसलं पाहिजे' हे मनातून काढून टाका. घरात ज्या वेळी कुणाला तुमची गरज नसते, ती तुमची वेळ. आणि ती घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा : देवापुढे दिवा लावल्यावर, फजरची नमाज झाल्यावर, दुकानाचं शटर वर करून गल्ल्यावर बसण्याआधी. रोजचं काम रोज होतंच, त्याच्या शेपटीला बांधलेली पाच मिनिटंही होतात. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

चौथी : बैठक

मांडी घालून गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर पाठ वाकणारच, आणि वाकलेली पाठ पाच मिनिटांत दुखणारच. बुडाखाली गोधडीची घडी घाला, चार-पाच इंच उंच, म्हणजे गुडघे खाली येतात. तरी दुखत असेल तर खुर्ची घ्या, तळवे जमिनीवर टेकवा. खुर्चीवर बसल्याने काहीही कमी होत नाही. मुंग्या आल्या असतील तर झटकन उभे राहू नका, पाय लांब करून संवेदना परत येऊ द्या. बधिर पायावर उठून पडलेला माणूस मी पाहिलाय. गुडघ्याचं दुखणं उठल्यानंतरही तासभर राहत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, सहन करत बसू नका.

पाचवी : झोप

डुलकी लागणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो : "काल किती वाजता झोपलास?"

उत्तर बहुतेक एक-दीडचं असतं. रील बघता बघता झालेलं. ज्यांची शेती आहे त्यांचं कारण वेगळं असतं : रात्रीची लाईट. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला पोरगा रात्री अकराला मोटारीवर जातो, तीनला परततो, आणि साडेपाचला माझ्या खोलीत ताठ बसायचा प्रयत्न करतो. त्याला मी परत पाठवतो. अंधार, शांतता, मिटलेले डोळे मिळाले की झोपेची थकबाकी असलेलं शरीर आधी तीच वसूल करणार. यात साधनेत कमी पडण्याचा प्रश्नच नाही.

मोठ्या माणसाला रोज सात तास तरी झोप हवी. आधी ती भरून काढा, मग ध्यानाकडे या. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफीही बघा : पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच तासांनंतरही साधारण अंगातच असतं, म्हणजे रात्री नऊच्या चहातलं निम्मं मध्यरात्री दोनला जागं असतं.

सात-आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, दम लागत असेल, किंवा झोपेत जोरात घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर ध्यानात उपाय शोधू नका. डॉक्टरांकडे जा. रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड यांतलं काही कमी-जास्त असेल तर ते साध्या रक्ततपासणीत कळतं. मेसचं जेवण जेवणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी असल्याचं मी इतक्यांदा पाहिलंय की आता थकव्याची तक्रार आली की आधी तपासणीच करायला सांगतो.

सहावी : तुम्ही कशाची वाट बघताय?

फोन बाहेर, झोप पूर्ण, पाचच मिनिटं, आणि तरी सुटतं. मग बिघाड बहुधा अपेक्षेत आहे. हा सापडायला अवघड, कारण तो दिसत नाही.

जवळपास सगळ्यांना वाटतं की ध्यान म्हणजे विचार थांबणं. ते थांबत नाहीत. मग वाटतं, आपल्याला जमत नाही. पण मनाचं भटकणं हा दोष धरायचा तर सगळी माणसंच सदोष ठरतील. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोघांनी २०१० मध्ये सव्वादोन हजार प्रौढांना दिवसातून मधेच गाठून विचारलं होतं की आत्ता तुमचं मन हातातल्या कामावर आहे का. जवळपास ४७ टक्के वेळा ते दुसरीकडेच होतं. बसल्यावर विचार वाढत नाहीत. एरवी टीव्हीच्या, गप्पांच्या, स्क्रोलच्या आवाजात ते ऐकू येत नव्हते, आता येताहेत.

माझी आजी दुपारी वाती वळायची. कापूस मधेच तुटायचा. ती बोटांना किंचित राख लावायची, तुटलेलं टोक दुसऱ्या टोकावर ठेवायची आणि वळत राहायची. कापूस तुटला म्हणून तिने कधी कपाळाला हात लावला नाही. मन तुटतं तेव्हा एवढंच करायचं असतं. पूर्ण वेळ श्वासावर राहणं हा व्यायाम नाही. निसटलो हे कळणं आणि परत येणं, हा व्यायाम आहे. पाच मिनिटांत वीसदा परत आलात तर वीसदा व्यायाम झाला.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी तुरीचे दाणे देतो. उजव्या मुठीत मूठभर घ्यायचे, पुढे वाटी ठेवायची. मन निसटलं हे लक्षात आलं की एक दाणा वाटीत सोडायचा, टक्, आणि परत श्वासावर. भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाच्या वाटीत पहिल्या दिवशी चार दाणे होते. पंधरा दिवसांनी एकोणीस. तोंड पाडून आला. "सर, वाढायलंय की हे, कमी कुठं होयलंय?" मी त्याला विचारलं, पहिल्या दिवशी चारदाच निसटला होतास, की चारदाच तुला कळलं होतं? तो बराच वेळ वाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तवा तर मी एकदा गावाकडं जाऊन, जेवून परत आल्तो." आता तो गावाच्या वेशीवर पोचण्याआधीच स्वतःला पकडत होता. दाणे वाढत होते ते त्यामुळे.

महिनाभर दाणे मोजा. नंतर त्यांची गरज राहत नाही.

सातवी : उरलेला दिवस

पाच मिनिटं श्वासावर परत यायचा सराव आणि पाच तास दर वीस सेकंदाला नवीन रीलवर उडी मारायचा सराव. कुठला पक्का होईल, हे हिशेब करून बघा. ही तपासणी मी उशिरा सांगतो, कारण इथे सवयी मोडाव्या लागतात आणि पहिल्या दिवशी सांगितलं तर माणूस ध्यानच सोडतो.

थोडं थोडं करा. फोन कॉल सोडून बाकी सगळ्यांची नोटिफिकेशन बंद. गावाचा ग्रुप, बॅचचा ग्रुप, भावकीचा ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये. दिवसातलं एक जेवण फोनशिवाय, एकच. भाकरी मोडताना तिचा पापुद्रा सुटतो तो बघायचा, ठेचा जिभेवर कुठे झोंबतो ते बघायचं. क्लासला चालत जाताना कानात काही घालायचं नाही, पाऊल टेकतंय ते जाणवू द्यायचं. हे ध्यानच आहे, फक्त बसून केलेलं नाही. ज्यांना बसणं अजिबात जमत नाही त्यांना मी महिनाभर एवढंच करायला देतो.

इथे थांबा, आणि डॉक्टरांकडे जा

हा भाग लिहिताना मला एक मुलगी आठवते. ती बसली की रडायची. मी चार दिवस तिला "येऊ दे रडू, बसत राहा" असं सांगत राहिलो. पाचव्या दिवशी तिच्या मैत्रिणीने सांगितलं की त्याच वर्षी तिचे वडील गेले होते, आणि ती कित्येक रात्री झोपलेली नव्हती. मी चुकलो होतो. तिला शांततेत एकटीला बसवण्याची नाही, ऐकणाऱ्या माणसाची आणि उपचाराची गरज होती. तेव्हापासून हा नियम केलाय : पुढचं काहीही दिसलं की ध्यान त्याच दिवशी बंद.

बसल्यावर जीव घाबरा होतो, श्वास कोंडतो, आणि असं दोनदा-तीनदा झालंय. मारहाण, अत्याचार, अपघात यांची दृश्यं पुन्हा पुन्हा जिवंत होतात. आपण शरीराबाहेर आहोत, आजूबाजूचं खरं नाही, असं उठल्यावरही वाटत राहतं. इतरांना न येणारे आवाज ऐकू येतात. दोन-तीन रात्री झोप नाही तरी अंगात प्रचंड उत्साह आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नाही, भूक गेली आहे. किंवा जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलं बरं, असे विचार येतात. कर्ज, नापिकी, निकाल, कारण कुठलंही असो, या शेवटच्या विचारासोबत एकही दिवस एकट्याने काढायचा नाही.

टेलि-मानसचा नंबर १४४१६. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा आहे, कॉल मोफत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. समोरासमोर भेटायचं असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात : लातूर, नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगरची घाटी. केसपेपर काढताना 'मानसोपचार' म्हणायला जीभ अडखळते, हे मला माहीत आहे. एकटे जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या. मी अनेकांसोबत त्या बाकावर बसलो आहे.

आधीपासून मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर ध्यान सुरू केलं म्हणून ती बंद करायची नाही, कमीही करायची नाही. मौनाच्या लांब शिबिराला जायचं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून जा, आणि अर्जात आजाराबद्दल विचारतात तेव्हा खरं लिहा.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर पुन्हा सुरू करायचं असेल, तर डोळे उघडे ठेवून, उजेडात, दार लोटून न घेता, घरातलं कुणीतरी आसपास असताना. श्वासावर लक्ष नेलं की घाबरायला होत असेल तर श्वास सोडून द्या. तळवे फरशीला टेकवा, फरशी गार लागते की कोमट ते बघा. तीन मिनिटं पुरेत. ती मुलगी आता तेवढंच करते, आठवड्यातून चार दिवस, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून.